लांबचा विमानप्रवास: पाणी किती प्यायचं आणि कोरडेपणावर नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा जानेवारीत पुण्याहून मुंबईमार्गे नेवार्कला मुलीकडे निघाले आहेत. विमान थेट, पंधरा-सोळा तासांचं. आईंचं वय ६८, बीपीची गोळी चालू आहे. मागच्या खेपेला त्यांचे डोळे लालभडक झाले, ओठ फुटले, उतरायच्या आधी घोळणा फुटला आणि पोचल्यावर दोन दिवस गरगरत होतं. "दर तासाला मोठा ग्लासभर पाणी प्या" असं जो तो सांगतो, पण सारखं संडासला उठावं लागेल म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग पाणी नेमकं किती द्यायचं, आणि बरोबर काय बांधून द्यायचं?

यात दोन वेगळे त्रास एकत्र झाले आहेत. डोळे, नाक, ओठ, त्वचा कोरडी पडणं हा हवेचा परिणाम. गरगरणं, थकवा, गडद लघवी हा पोटात पाणी कमी गेल्याचा परिणाम. दोन्हीचे उपाय निराळे आहेत. लोटाभर पाणी प्यायल्याने डोळ्यांची चुरचुर थांबत नाही, आणि भारीतली क्रीम चोपडून शरीरातलं पाणी भरून निघत नाही. सगळा भार पाण्यावर टाकला की म्हातारी माणसं एक तर कंटाळून पाणी पूर्ण सोडतात, नाहीतर एकदम लिटरभर पिऊन बसतात.

आधी हवेचं बघू. विमान ३५ हजार फुटांवर असताना बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास असते आणि तिच्यात बाष्प जवळपास नसतंच. ती दाबून, तापवून, परत निववून २२ ते २४ अंशांवर केबिनमध्ये सोडतात. केबिनमधली साधारण निम्मी हवा अशी ताजी आणि निम्मी हेपा फिल्टरमधून (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) गाळून पुन्हा फिरवलेली असते. म्हणजे आत जी काही आर्द्रता असते ती मुख्यतः प्रवाशांच्या श्वासातून आणि अंगातून आलेली. त्यामुळे जास्त पैसे मोजून घेतलेल्या बिझनेस क्लासमध्ये हवा इकॉनॉमीपेक्षा अधिक कोरडी असते, कारण तिथे माणसं विरळ बसलेली असतात.

केबिनमध्ये आर्द्रता साधारण १० ते २० टक्के राहते. पुण्यातली एप्रिलची रखरखीत दुपार साधारण अशीच असते. फरक एवढाच की ती दुपार संध्याकाळी संपते, विमानातली सोळा तास चालते. विमान कंपन्या हवेत मुद्दाम पाणी का सोडत नाहीत, तर ते पाणी सोबत वाहून न्यावं लागतं, वजन वाढतं, आणि थंड पत्र्याच्या आतल्या बाजूला ते जमून गंज आणि ओलीचे प्रश्न उभे राहतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांचे सांगाडे बऱ्याच अंशी कार्बन फायबरचे असल्याने तिथे थोडी मोकळीक मिळते. त्यांच्यात केबिनचा दाबही ६००० फुटांच्या आसपासच्या उंचीइतका ठेवतात. जुन्या विमानांत तो ८००० फुटांइतका असू शकतो. कळसूबाईचं शिखर ५४०० फूट आहे, म्हणजे दोन्हीकडे आपण त्याच्याही वर बसलेलो असतो. विमानातली डोकेदुखी, मरगळ आणि पोट फुगणं यातला बराचसा वाटा या विरळ हवेचा आहे. तो पाणी पिऊन जाणार नाही हे माहीत असलेलं बरं.

या कोरड्या हवेने शरीरातलं पाणी किती जातं? लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी. आठ तासांत नेहमीपेक्षा जास्तीचं जाणारं पाणी साधारण १०० मिली धरतात, म्हणजे अर्धी वाटी. सोळा तासांत दुप्पट. यामुळे कुणाला चक्कर येत नाही. चक्कर येते ती लोक पाणी पीतच नाहीत म्हणून.

पाण्याचा हिशेब घरापासून मांडा

प्रवास सोळा तासांचा नाहीच. पुण्याहून गाडी निघाल्यापासून न्यू जर्सीतल्या घराचं दार उघडेपर्यंत पंचवीस-सव्वीस तास सहज जातात. त्यातले पहिले चार गाडीत, तीन-चार विमानतळावर, शेवटचे दोन इमिग्रेशन आणि सामानाच्या पट्ट्यापाशी. घरून निघताना "वाटेत लागायला नको" म्हणून पाणी बंद केलेलं असतं. गाडीत पीत नाहीत, सुरक्षा तपासणीत बाटली ओतून टाकावी लागते, पुढे विकतची बाटली महाग म्हणून घेत नाहीत. विमान उडतं तेव्हाच आईंच्या पोटात आठ तासांत कपभर चहा आणि दोन घोट पाणी गेलेलं असतं. विमानातलं वेळापत्रक कितीही चांगलं पाळलं तरी ही तूट मागे राहते.

घरून निघण्याआधीच्या दोन तासांत दोन पेले, म्हणजे ४०० मिली, घोट घोट करून प्यावं आणि निघताना लघवीला जाऊन यावं. एक्सप्रेसवेवर खालापूरच्या फूड मॉलला थांबा ठेवा. तिथे आधी संडास, मग पेलाभर पाणी किंवा ताक. उलट क्रम केला तर पनवेलच्या कोंडीत पंचाईत होते. विमानतळावर रिकामी बाटली घेऊन आत जावं, ७५० मिलीची पुरते. तपासणीनंतर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात तिथे ती भरावी. काही देशांच्या विमानांना बोर्डिंग गेटपाशी दुसरी तपासणी होते आणि भरलेली बाटली रिकामी करायला लावू शकतात. तसं झालं तर वाद न घालता ओतून रिकामी बाटली आत न्यावी. आत शिरतानाच हवाईसुंदरीला ती भरून द्यायला सांगता येते.

व्हीलचेअर घेतली असेल तर एक अडचण हमखास येते. चेअर ढकलणारा माणूस प्रवाशाला गेटपाशी सोडून जातो, आणि तासभर तिथून ना पाणी, ना संडास. त्याला आधीच सांगून ठेवायचं: आधी पाण्याचा नळ, मग बाथरूम, मग गेट.

बोर्डिंगच्या अर्धा तास आधी पिणं थांबवावं आणि बोर्डिंग सुरू होताना पुन्हा एकदा जाऊन यावं. जागेवर बसल्यापासून पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत तास-दीड तास जाऊ शकतो, आणि हाच काळ लोकांच्या मनात "विमानात पाणी नको" ही भीती बसवतो.

विमानात जागं असताना दर तासाला एक छोटा कप पुरे. त्यांच्याकडचा प्लास्टिकचा कप भरला की साधारण दीडशे मिली होतं. सोळा तासांतले सहा तास झोपेत गेले, तर दहा कप म्हणजे दीड लिटर. यात चहा, ज्यूस, ताक, सूप सगळं धरायचं. साठीपुढच्या, घरात वावरणाऱ्या बाईला एरवीही दिवसभरात एवढंच पेय लागतं. दर तासाला मोठा ग्लास हा सल्ला तिच्यासाठी अति आहे. एकदम अर्धा लिटर प्यायलं तर मूत्रपिंड तासाभरात त्यातलं बरंचसं बाहेर टाकतं आणि फेऱ्या वाढतात. तेच पाणी एका वेळी दोन-तीन घोट असं थोडं थोडं घेतलं तर फेऱ्या कमी होतात. झोपेतून उठवून पाणी पाजायची गरज नाही. झोपेआधी अर्धा कप आणि उठल्यावर एक, बस्स.

चहा-कॉफीने पाणी कमी होतं ही समजूत रोज चहा पिणाऱ्याला लागू होत नाही. दोन-तीन कप चहा हे जवळपास पाण्याएवढंच धरावं. मात्र विमानातला चहा विमानाच्या टाकीतल्या पाण्याचा असतो. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी बाटलीबंद पाणी मागावं, आणि बेसिनच्या नळाचं पाणी कुणीच पिऊ नये, चूळ भरायलाही बाटलीतलंच घ्यावं. दारूचं गणित उलटं आहे. ती मेंदूतून येणारं, लघवी रोखणारं संप्रेरक दाबते, म्हणून प्यायल्यापेक्षा जास्त बाहेर पडतं. शिवाय विरळ हवेत दारू पिऊन झोपलं की रक्तातला ऑक्सिजन आणखी उतरतो. बाबांना फुकटची व्हिस्की मिळते म्हणून घ्यायचीच असेल तर एक पेग, जेवणाबरोबर, आणि त्यावर दोन कप पाणी.

सोडा आणि कोला टाळावेत. तिथल्या कमी दाबाने पोटातला वायू साधारण तीस टक्के फुगतो आणि वर हा गॅस. राजमा, छोले, कोबी यांचंही तेच. घरचं द्यायचं तर दशमी, धपाटे, गुळपोळी, केळं चालतं. चिवडा, भाकरवडी, लोणचं यांनी तहान वाढते आणि विमानातलं जेवणही आधीच खारट असतं, कारण त्या हवेत मीठ कमी जाणवतं. संत्रं चांगलं, पण ते विमानातच संपवायचं. अमेरिकेत ताजी फळं बाहेर काढता येत नाहीत, पिशवीत सापडली तर दंड होऊ शकतो.

संडासची भीती

हा खरा अडसर आहे आणि तो उपदेशाने जात नाही, सोय करून जातो. आईल सीट आधीच निवडून द्या, मधली रांग असली तरी चालेल पण कडेची. संडासापासून चार-पाच ओळी लांब. अगदी लागून घेतली तर रात्रभर दार आपटतं आणि रांग खांद्याला टेकते. जायची वेळ ठरवून घ्यावी: पट्ट्याचा दिवा विझला की लगेच, जेवणाची ट्रॉली निघायच्या आधी, झोपायच्या आधी, उठल्यावर, आणि उतरायच्या साधारण एक तास आधी. जेवणानंतरच्या अर्ध्या तासात आणि शेवटच्या पाऊण तासात रांग लागते, त्या वेळा टाळाव्यात. साडीपेक्षा सलवार-कुर्ता सोयीचा. खोकताना-शिंकताना थेंब जाण्याचा त्रास असेल तर पॅड लावून द्या. हे मुलीने किंवा सुनेने एकदा मोकळेपणाने बोलून घेतलं की आई निम्मी लढाई जिंकतात. लघवी सहा-सहा तास तुंबवून ठेवल्यावर पोचल्या पोचल्या जळजळ सुरू होते, आणि विमा असला तरी परदेशात डॉक्टरची वेळ मिळवणं सोपं नसतं.

"पाय सुजतात म्हणून पाणी कमी पिते" हेही खूप जणी म्हणतात. पाय सुजतात ते लटकते ठेवून बसल्याने, पाण्याने नाही. त्यावर उपाय म्हणजे दर तासा-दोन तासांनी उठून एक फेरी, आणि बसल्या बसल्या टाचा-चवडे वीस वेळा वर-खाली. पाण्यासाठी पॅन्ट्रीपर्यंत स्वतः चालत जावं, दोन्ही कामं होतात.

लघवीचा रंग हा साधा तपास आहे: फिकट पिवळा म्हणजे ठीक, गडद म्हणजे दोन कप वाढवा. पण बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंग भडक पिवळाच येतो, त्यावरून घाबरू नये. सहा-आठ तासांत एकदाही जावंसं वाटलं नाही ही खूण रंगापेक्षा भरवशाची.

गोळ्या

आईंच्या बीपीच्या गोळीचं पाकीट उलटून बघा. नावापुढे एच किंवा सीटी अशी अक्षरं असतील तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. हे औषध चालू असताना पाणी फार कमी पडलं तर बीपी उतरतं, आणि फार साधं पाणी एकदम प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. दोन्हीत गरगरतं. दुसरं म्हणजे जानेवारीत भारत आणि न्यू जर्सी यांच्यात साडेदहा तासांचा फरक असतो. सकाळची गोळी घरी घेतली, विमानात "सकाळ झाली" म्हणून एक, आणि पोचल्यावर तिथल्या सकाळची आणखी एक, असा डोस दुप्पट होताना दिसतो. मागच्या वेळच्या गरगरण्यामागे हे असू शकतं. डॉक्टरांना निघायच्या आठवडाभर आधी विचारून प्रवासाच्या दिवशीची आणि पोचल्यावरची वेळ कागदावर लिहून घ्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तरी लघवी जास्त होते, आणि उपाशी-तापाशी राहिल्यास धोका वाढतो. त्याबद्दलही विचारावं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी दिवसाला एक-सव्वा लिटरची मर्यादा घालून दिली असेल तर वरचे सगळे आकडे सोडून ती मर्यादा पाळायची. मळमळीसाठी किंवा झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या प्रोमेथाझिन, फेनिरामिन यांसारख्या गोळ्या तोंड आणि डोळे आणखी सुकवतात. वयस्कांना त्यांनी भ्रमही होऊ शकतो, म्हणून त्या केवळ झोपेसाठी नकोत.

ओआरएस कधी? उलट्या-जुलाब झाले, खूप घाम गेला, काही खाल्लंच नाही तेव्हा. नुसत्या विमानप्रवासासाठी बीपीच्या माणसाने मीठ-साखरेचं पाणी पीत बसायची गरज नाही. सोबत २०० मिलीच्या दोन-तीन छोट्या पुड्या द्या. लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणं ही नेहमीची चूक, त्याने द्रावण दुप्पट तीव्र होतं आणि जुलाब उलट वाढू शकतात. विकत घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र असल्याचं वाचा: लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. फळांच्या चवीची खोकी वेगळी, त्यांत साखर बरीच जास्त असते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (देशाची अन्नसुरक्षा संस्था) अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली ती त्यामुळेच.

डोळे, नाक, ओठ, हात

डोळ्यांसाठी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्क्याचे थेंब, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एकेका वापराच्या छोट्या कुप्यांतले. सोळा तासांत पाच-सहा वेळा टाकायचे असल्याने हे महत्त्वाचं. साध्या बाटलीतलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं की बुबुळाला त्रास देतं. चुरचुर सुरू व्हायची वाट बघू नये. उड्डाणानंतर तासाभरात पहिला थेंब, मग दर अडीच-तीन तासांनी, आणि झोपायच्या आधी १ टक्क्याचे दाट थेंब किंवा जेल. जेलने दहा-पंधरा मिनिटं धुरकट दिसतं, म्हणून सगळं आवरून पडल्यावरच.

थेंब टाकताना मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब, कुपीचं टोक पापणीला न लावता. मग डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिटभर हलकं दाबून धरायचं. दोन-तीन थेंब टाकून काही वाढत नाही, जास्तीचे गालावर ओघळतात. लाली घालवणारे नाफाझोलिनचे थेंब नकोत. त्यांनी रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा दिसतो, कोरडेपणा तसाच राहतो आणि असर उतरला की लाली परत येते. गुलाबजल अजिबात नको, ते निर्जंतुक नसतं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर बोर्डिंगच्या आधीच काढून चष्मा लावावा.

डोक्यावरच्या हवेच्या नळीचा झोत थेट तोंडावर असतो आणि पुष्कळांना तो वळवता येतो हे माहीत नसतं. पूर्ण बंद न करता मांडीकडे वळवावा. आणि स्क्रीनकडे बघताना पापण्या निम्म्याहून कमी वेळा मिटतात, म्हणून सलग तीन सिनेमे बघणाऱ्याचे डोळे सर्वांत आधी लाल होतात. दर वीसेक मिनिटांनी डोळे मिटून दहा सेकंद बसावं.

नाकासाठी ०.६५ टक्के सलाइनचा स्प्रे. प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दर दोन-तीन तासांनी. फवारा मधल्या पडद्याकडे न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारायचा. घोळणा फुटतो तो बहुधा याच पडद्याच्या पुढच्या भागातून, तिथेच जोरात फवारा बसला तर खपली निघते. रात्री बोटावर तांदळाएवढं सलाइन जेल नाकाच्या तोंडाशी आतून लावावं. तेला-तुपाचे थेंब घरी आडवं पडून घालायची सवय असेल तर ती विमानात नको, बसल्या जागी ते घशातून श्वासनलिकेत उतरू शकतं. नाक बंद करणाऱ्या सर्दीवरचा झायलोमेटाझोलिनचा स्प्रे कोरडेपणावर चालत नाही, उलट आणखी सुकवतो. तो फक्त खरी सर्दी असेल तर, विमान उतरू लागायच्या अर्धा तास आधी, कानाच्या दड्यासाठी.

सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक वस्तू म्हणजे साधा मास्क. आपल्याच श्वासातली वाफ तो नाकापाशी राखतो. झोपताना तोंड उघडं राहणाऱ्या माणसाला तर त्याचा घशालाही फायदा. ओलसर झाला की बदलायचा, सोबत चार द्यावेत.

घोळणा फुटलाच तर ताठ बसून पुढे झुकायचं, नाकाचा मऊ भाग (हाडाच्या खालचा) दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरून घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये सोडून बघायचं नाही. तोंडाने श्वास, रक्त गिळायचं नाही, थुंकायचं. डोकं मागे टाकणं, आडवं पडणं, कांदा हुंगवणं यांनी काही थांबत नाही. वीस मिनिटांत थांबलं नाही, किंवा अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लगेच विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगावं.

ओठांना साधी पेट्रोलियम जेली, बोर्डिंगपासूनच, दर दोन तासांनी आणि प्रत्येक जेवणानंतर. मेंथॉल-कापूर घातलेले बाम थंड वाटतात आणि ओठ आणखी उलतात. जिभेने ओठ चाटणं हेच मुळात फुटण्याचं मोठं कारण.

त्वचेला ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेली दाट क्रीम लावायची. बोर्डिंगच्या आधी तोंड धुऊन, अंग ओलसर असतानाच चेहऱ्याला हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढी, हातांना तेवढीच आणि पायांच्या नळीला थोडी. विमानात साधारण पाच-सहा तासांनी पुन्हा. नुसतं हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं सीरम लावून बसू नये, वर क्रीमचा थर नसेल तर ते या हवेत टिकत नाही. तोंडावर मारायच्या पाण्याच्या फवाऱ्यांबद्दलही तेच: पाणी उडून जाताना गारवा देतं आणि त्वचा आधीपेक्षा ओढलेली वाटते. सॅनिटायझर वापरला की प्रत्येक वेळी हाताला क्रीम, नाहीतर बोटांच्या पेरांवर भेगा पडतात.

तोंडासाठी आवळा सुपारी, वेलची, किंवा बिनसाखरेचं झायलिटॉलचं च्युइंगगम. कवळी असेल तर झोपताना काढून डबीत पाण्यात ठेवावी.

या सगळ्या वस्तू १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत, एका लिटरच्या पारदर्शक झिपच्या पिशवीत, हातातल्या सामानात. चेक-इनच्या बॅगेत ठेवलेले थेंब सोळा तास काय कामाचे? भरताना ट्यूब आणि क्रीमच्या बाटलीतली हवा दाबून काढून मग झाकण लावावं, कारण वर गेल्यावर आतली हवा फुगते आणि क्रीम बाहेर येते. स्ट्रॉ असलेली पाण्याची बाटली तर कारंज्यासारखी उडते. ती उभी धरून आधी मुख्य झाकण हळूच सैल करायचं, मग स्ट्रॉ उघडायची. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना हे घरी सांगून ठेवा.

उतरताना आणि पोचल्यावर

उतरायच्या दीड तास आधी शेवटचा पूर्ण कप, तासभर आधी संडास. शेवटचा अर्धा तास फक्त घोट, तेही कान मोकळे राहावेत म्हणून. बाटलीत अर्धा पेला राखून ठेवा, इमिग्रेशनच्या रांगेत नळ नसतो.

घरी पोचल्यावर तासाभरात दोन पेले आणि गरम काहीतरी पातळ: वरण, कढण, सूप. अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. दमून आलेली माणसं कढत पाण्याखाली अर्धा तास उभी राहतात आणि उरलीसुरली तेलं धुवून टाकतात. अंग टिपून तीन मिनिटांच्या आत क्रीम लावावी.

कोरडेपणा इथे संपत नाही. जानेवारीत न्यू जर्सीच्या घरात हीटर चालू असतो आणि आतली आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते, म्हणजे विमानापेक्षा थोडीच बरी. झोपायच्या खोलीत ह्युमिडिफायर लावून ती ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा, त्यापुढे नेऊ नका, खिडक्यांवर पाणी जमून बुरशी धरते. टाकी रोज रिकामी करून पुसायची. नाकातला स्प्रे आणि ओठांची जेली निदान पहिले आठ-दहा दिवस चालू ठेवा. पहिले दोन दिवस सकाळी उठताना आईंनी आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसावं, मग उभं राहावं. बीपीचं यंत्र असेल तर बसून एकदा, उभं राहून दोन मिनिटांनी एकदा मोजावं. वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरला तर पाणी वाढवा आणि त्याच दिवशी फोनवरून आपल्या डॉक्टरांशी गोळीबद्दल बोला.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा धाप लागली, तर तो कोरडेपणाचा किंवा थकव्याचा प्रकार समजून घरी थांबू नका. लांब बसण्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार तासांवरच्या प्रवासात साधारण सहा हजारांत एक असल्याचं डब्ल्यूएचओने २००७ मध्ये सांगितलं. धोका लहान आहे, पण प्रवासानंतर कित्येक आठवडे राहतो, आणि पाणी पुरेसं प्यायलं म्हणून तो टळला असं धरता येत नाही.